नसलेल्या रेघेचा शोध

ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या विमानाचा वेग ‘मॅक’ या मापाने सांगतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ते माप ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या अर्न्स्ट माख यांचा एक शोध मात्र विमानाशिवाय पाहता येतो. दिवा आणि भिंत एवढेच पुरे.

माख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८ रोजी मोरेव्हियातील ब्रनो शहराजवळ झाला. पाद्र्यांच्या शाळेत लॅटिन व ग्रीक न जमल्यामुळे गुरुजनांनी त्यांना बुद्धिहीन ठरविले. तेव्हा वडिलांनीच त्यांना घरी शिकविले. सुतारकामही त्यांनी याच वयात आत्मसात केले. पुढे १८६० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १८६४ मध्ये ते ग्रात्स येथे प्राध्यापक झाले.

तेथे ते काळ्या-पांढऱ्या आकृत्यांच्या चकत्या वेगाने फिरवून पाहत. फिरत्या चकतीवर उजेड हळूहळू काळोखाकडे उतरत जाई. हा उतार जेथे सुरू होई तेथे एक लखलखीत कडे दिसे आणि जेथे संपे तेथे एक गडद कडे. चकतीवर तर तसे काहीच नव्हते! दिव्यापुढे वही धरून भिंतीवरील सावलीची पुसट कड निरखावी. बाहेरून उजळ व आतून गडद रेघ आपल्यालाही दिसेल.

१८६५ मध्ये माख यांनी याचे कारण मांडले. दृष्टिपटलातील प्रत्येक बिंदू एकटा काम करीत नाही; तो शेजाऱ्यांना थोडे दडपतो. उजेडाच्या काठावरील पेशीचे एका बाजूचे शेजारी मंद असतात, म्हणून तिच्यावर दडपण कमी पडते व ती अधिक उजळ भासते. काळोखाच्या काठावर नेमके उलटे घडते. एकाही पेशीचा संदेश मोजण्याचे साधन हाती नसताना केलेले हे अनुमान होते! १९५९ मध्ये रॅटलिफ आणि हार्टलाइन यांनी लिम्युलस या सागरी प्राण्याच्या डोळ्यातील मज्जातंतूंचे संदेश मोजले, तेव्हा त्यांत हाच चढउतार आढळला. मानवी मेंदूत याखेरीज आणखीही प्रक्रिया चालतात, असे आजचे संशोधक मानतात.

डोळा नसलेली रेघ दाखवितो हे सिद्ध करणारे माख, अणू मात्र अनुभवास येत नाही म्हणून मानावयास तयार नव्हते. प्रस्तुत लेखकास त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

१८९८ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर ते डाव्या हाताने टंकयंत्र चालवून ग्रंथलेखन करीत राहिले. वयाला अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारी १९१६ रोजी, म्युनिकजवळ त्यांचे निधन झाले.