ताप देणारा डॉक्टर

आमच्या अणदूरकडे अंगात ताप भरला की घरातली म्हातारी कपाळावर पाण्याची घडी ठेवायची. ताप उतरवायचा, एवढेच आपल्याला ठाऊक. विल्यम कोली या अमेरिकन शल्यचिकित्सकाने मात्र उभे आयुष्य रोग्यांना ताप आणण्यात घालवले, तेही कॅन्सरच्या!

जन्म १८६२ चा, शिक्षण हार्वर्डचे, नोकरी न्यूयॉर्कची. सुरुवातीलाच बेसी डॅशिएल नावाची सतरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. हातात सार्कोमाची गाठ. कोलींनी हात कापला. तरी १८९१ च्या जानेवारीत ती गेली. तरुण डॉक्टरला ते जिव्हारी लागले. त्यांनी इस्पितळाची जुनी दप्तरे उपसली. (जुन्या खातेवह्यांत काय काय निघते, हे बँकेत बसलेल्यांना सांगायला नको.) त्यात स्टाइन नावाचा जर्मन रोगी सापडला. मानेवरची गाठ कापूनही पुन्हा उगवे. मग त्याला धावरे झाले, तो तापाने फणफणला आणि गाठ विरून गेली. कोली स्थलांतरितांच्या चाळींतून जिने चढत त्याला शोधत राहिले. सात वर्षांनंतरही गडी ठणठणीत होता!

मग कोलींनी मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचायला सुरुवात केली. काही जणांच्या गाठी वितळल्या, काही जण त्या जंतूंनीच दगावले. म्हणून १८९३ पासून ते मारलेले जंतू वापरू लागले. पोटात भली मोठी गाठ असलेला सोळा वर्षांचा मुलगा त्या लशीचा पहिला रोगी. दर टोचणीला हुडहुडी, ताप. महिन्यांनी गाठ आटली. मुलगा पुढे सव्वीस वर्षे जगला.

पण लस दर वेळी सारखी उतरेना, गुणही सारखा येईना. त्यातच क्ष-किरण आणि रेडियम आले. जेम्स यूइंग यांच्यासारखे मातब्बर विरोधात गेले. विरोध अगदीच खोटा नव्हता, असे मला वाटते. कोली १९३६ साली वारले.

आपल्या सुश्रुताने अर्बुदावर अग्निकर्म सांगितले आहे. आज यकृतातली छोटी गाठ सुई घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात. काही ठिकाणी किरणोपचारासोबत गाठ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवतात. कोलींच्या रोग्यांत मात्र नुसती उष्णता नव्हे, तर जागी झालेली प्रतिकारशक्ती कामी आली असावी, असे आता मानतात. गावाकडची डागणी यातली नव्हे. गाठ दिसली की सोलापूर किंवा बार्शी गाठावी.

वडील गेल्यावर मुलगी हेलन हिने त्यांची कागदपत्रे उघडली. वैद्यकीचे शिक्षण नसताना तिने सुमारे हजार रोग्यांची प्रकरणे एकेक करून लावली, आणि १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली.