थाळनेरचे जावई

मैत्रिणींनो, आखाजीला माहेरी आलेल्या लेकीबाळी झोक्यावर बसून गाणी म्हणायला लागल्या की मला थाळनेरच्या दोन बहिणींची आठवण येते. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर आपल्या धरणगावाहून फार लांब नाही. तिथला किल्ला आपल्याला माहीत असतो, फारुकी राजांचा इतिहासही शाळेत वाचलेला असतो. पण मास्टर दीनानाथ मंगेशकर या गावचे जावई होते, हे आमच्या महिला मंडळात मी सांगितलं तेव्हा निम्म्या जणींना ते खरं वाटेना!

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातल्या मंगेशीचा. वडील गणेशभट्ट मंगेशाच्या देवळात अभिषेक करणारे, आई येसूबाई देवळात गाणारी. गळा आईचा घेतला. वडिलांचं आडनाव न लावता गावाच्या नावावरून मंगेशकर हे नाव लावलं आणि पुढे तेच घराण्याचं झालं. मला तर यात त्या काळच्या समाजाला दिलेलं एक शांत उत्तरच दिसतं.

चौदाएक वर्षांचं पोर किर्लोस्कर नाटक मंडळीत आलं. तेव्हा बायका रंगभूमीवर येत नसत, म्हणून देखणी, गोड गळ्याची मुलंच नायिका व्हायची. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत दीनानाथ बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. (आपले बालकवी गेले तेही १९१८ मध्येच.) गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधली लतिका, 'रणदुंदुभी'तली तेजस्विनी, सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'मधली सुलोचना ही सगळी त्यांचीच रूपं. आणि तोच माणूस 'मानापमान'मध्ये धैर्यधर होऊन उभा राहिला की अगदी वेगळा दिसायचा.

युरोपात ऑपेरा म्हणून जो प्रकार आहे, त्यातही नाटक गाऊनच करतात. पुरुषाच्या सर्वांत उंच जाणाऱ्या आवाजाला तिकडे टेनर म्हणतात. इटलीच्या नेपल्सचा एन्रिको कारुसो हा त्यातला मोठा माणूस. १९०२ साली मिलानच्या एका हॉटेलात त्याच्या तबकड्या निघाल्या, १९०३ मध्ये तो न्यूयॉर्कला गायला आणि मग जगभर त्याचं नाव झालं. आपल्या दीनानाथांचा आवाजही असाच वर चढणारा, विजेसारख्या ताना घेणारा. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना मिळाली होती. बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ, तर दीनानाथांचं आक्रमक. पण त्यांना बोट नव्हती, न्यूयॉर्क नव्हतं. आगगाडीनं बिऱ्हाड हलवत, पेट्या, पडदे आणि पन्नास माणसांचं पोट सांभाळत गावोगाव फिरणं, हेच त्यांचं जग.

अशा माणसाला थाळनेरच्या हरिदास लाड या श्रीमंत गुजराती व्यापाऱ्यानं मुलगी दिली. विचार करा, १९२२ साल आणि जावई नाटकवाला! मुलीचं नाव नर्मदा. चारच वर्षांत, १९२६ मध्ये ती गेली, तिची तान्ही मुलगीही वाचली नाही. आणि १९२७ मध्ये तिचीच धाकटी बहीण शेवंती त्याच घरात दिली गेली. तिचं नाव सुधामती झालं, पुढे सगळे तिला माई म्हणू लागले. बहिणीच्या जागी बहीण देणं तेव्हा काही नवं नव्हतं. त्या मुलीच्या मनात काय आलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. दीनानाथांवरच्या लेखांत माईंच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात, याचा मला नेहमी राग येतो.

१९२९ साली इंदूरला थोरली लेक झाली. तिचं आधीचं नाव हेमा, पण 'भावबंधन'मधल्या लतिकेवरून ती लता झाली. मग मीना, आशा, उषा आणि १९३७ मध्ये हृदयनाथ. लताला गाणं शिकवायचं असं काही आधी ठरलेलं नव्हतं. एकदा दीनानाथ शिष्याला पूरिया धनाश्रीचा रियाझ करायला सांगून बाहेर गेले. तो चुकतोय हे ऐकून पाच-सहा वर्षांची ही पोर त्याला दुरुस्त करून गाऊन दाखवायला लागली. दीनानाथ मागे येऊन उभे, तिला पत्ताच नाही. आपल्या घरातच गवई आहे असं त्यांनी माईंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीला उठवून तानपुऱ्यापुढे बसवलं.

तोवर बोलपट आले होते. नाटकाची गर्दी तिकडे वळली. बळवंत मंडळीनंही १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपट काढला, तो चालला नाही. कर्ज झालं, कंपनी बुडाली. पन्नास माणसांना रोज वाढणाऱ्या घरात टंचाई आली. गाणारा माणूस मनानं खचला, दारूनंही त्याला गाठलं. देवमाणूस करून टाकण्याच्या नादात हा भाग गाळतात, पण माईंनी काय सोसलं ते याशिवाय कळत नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं एकेचाळीस. पदरी पाच मुलं, थोरली लता बारा वर्षांची. तिनं त्याच वर्षी चित्रपटात कामं करायला सुरुवात केली.

दीनानाथांच्या तबकड्या आहेत, पण त्या काळची तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रात्रभर चालणाऱ्या नाटकातलं ते गाणं तेवढ्यात किती मावणार?

लहानपणी थाळनेरच्या आजीकडून लताबाई गुजराती गरबे शिकल्या होत्या. आजीची गाणी आणि वडिलांची तालीम दोन्ही गळ्यात घेऊन १९७४ मध्ये त्या लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. दीनानाथ असते तर तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे असते.