राखेचं साल

हिजरी 18, म्हणजे इ.स. 639. अरबस्तानात पाऊसच नाही. वाऱ्यावर राखेसारखी माती उडे, म्हणून त्या वर्षाचं नावच राखेचं साल पडलं. भुकेली कुटुंबं मदिनेभोवती तळ ठोकून बसली. खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी सीरियाहून धान्याचे उंट मागवले आणि माणसं मोजायला लावली. (हे मला फार महत्त्वाचं वाटतं.) जेवायला येणारे वेगळे, आजारी आणि लेकरं वेगळी, त्यांना जागेवर पोचतं केलं. स्वतः तूप सोडून तेलावर राहिले, रंग काळवंडला. त्या वर्षी जकात वसूल केली नाही. पाऊस झाल्यावर दोन वर्षांची घेतली; त्यातली निम्मी तिथल्याच गरिबांत वाटून उरलेलीच मदिनेला आणायची, असं वसुलीदारांना बजावलं.