विष्णू दिगंबर पलुसकर

विष्णू दिगंबर पलुसकर (१८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड – २१ ऑगस्ट १९३१, मिरज) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक आणि गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक होते. राजदरबार व खासगी बैठकी यांपुरते मर्यादित असलेले हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत सर्वसामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. शिष्यवर्गात त्यांना आदराने ‘महाराज’ म्हणत.

बालपण आणि अपघात

विष्णू दिगंबरांचा जन्म तत्कालीन कुरुंदवाड संस्थानात झाला. कुरुंदवाड हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, पदे आणि आख्याने लहानपणापासून विष्णूच्या कानांवर पडत होती. कीर्तनाच्या आख्यानात जन्मोत्सवाचा आनंद आणि वियोगाचे दुःख एकाच गायकाला उभे करावे लागते. सुरांतून भाव पोहोचवण्याचा पहिला संस्कार त्यांच्यावर असा घरातच झाला.

कुरुंदवाडजवळच्या नृसिंहवाडीत दत्तजयंतीचा उत्सव असताना फटाक्याच्या स्फोटाने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. मिरजेत उपचार होऊनही दृष्टी कायमची अधू झाली व नेहमीचे शालेय शिक्षण अशक्य ठरले. उत्सवाच्या दिवशी कोसळलेल्या या संकटामुळे त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली आणि ते गायनाकडे वळले.

संगीतशिक्षण

मिरज संस्थानाच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिक्षण मिळाले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्यात बाळकृष्णबुवांचा वाटा मोठा होता. अनेक वर्षांच्या तालमीनंतर १८९६ मध्ये विष्णू दिगंबरांनी मिरज सोडले व उत्तरेकडे भ्रमंती सुरू केली. गायकाला समाजात मिळणारे गौण स्थान त्यांना खटकत होते. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. संस्थानिकाच्या मर्जीवाचूनही गायक उभा राहू शकतो, हे त्यातून दिसून आले.

गांधर्व महाविद्यालय

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आरंभी विद्यार्थी अगदी थोडे होते. याच काळात वडिलांच्या निधनाचे वृत्त आले, परंतु नव्या विद्यालयाची घडी विस्कटू नये म्हणून ते गावी गेले नाहीत, असे त्यांच्या चरित्रकथांत सांगितले जाते. ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग आणि परीक्षा ही येथील पद्धत गुरुगृही राहून शिकण्याच्या परंपरेपेक्षा वेगळी होती. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि क्रमिक पुस्तके प्रसिद्ध केली. गायनप्रसारासाठी ‘उपदेशक’ घडवण्याचीही व्यवस्था होती. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले.

भक्तिसंगीत

शृंगारप्रधान बंदिशींच्या जागी भक्तिपर शब्द योजण्यावर त्यांचा भर होता. कुटुंबातील स्त्रिया व मुले यांना संकोच न वाटता गाणे शिकता यावे, हा त्यामागील एक हेतू होता. रागदारीच्या पायावर उभी असलेली भजने त्यांनी मैफलीत प्रतिष्ठित केली. भजनात हर्ष आणि आर्तता यांना सारखेच स्थान असते. एकाच ईश्वराला उद्देशून भक्त उत्सवही करतो आणि विलापही. ‘रघुपति राघव’ या रामधुनीची प्रचलित चाल त्यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे महात्मा गांधींच्या आश्रमातील संगीतशिक्षक होते व १९३० च्या दांडी यात्रेत सहभागी झाले होते.

१९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी ‘वंदे मातरम्’च्या गायनास हरकत घेतली, तरीही विष्णू दिगंबरांनी ते पूर्ण गायले. त्यांच्या कार्यामुळे संगीतशिक्षणाला हिंदू धार्मिक वळण मिळाले आणि मुस्लिम उस्तादांच्या परंपरेचे स्थान आक्रसले, अशी टीका काही आधुनिक अभ्यासकांनी केली आहे.

उत्तरायुष्य

मुंबईतील विद्यालयाच्या वास्तूसाठी घेतलेले कर्ज फिटले नाही व ती वास्तू लिलावात गेली. घरातही त्यांना वारंवार अपत्यवियोग सोसावा लागला. दत्तात्रेय (जन्म २८ मे १९२१) हा त्यांचा एकच मुलगा जगला. या काळात विष्णू दिगंबरांचा ओढा रामभक्तीकडे वाढत गेला. नाशिक येथे त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापन केला आणि रामायणाची प्रवचने व नामसंकीर्तन यांना वाहून घेतले. मिरज येथे त्यांचे निधन झाले तेव्हा दत्तात्रेय १० वर्षांचे होते.

वारसा

विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास आणि बी. आर. देवधर हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढे मंडळाच्या परीक्षा देशभर घेतल्या जाऊ लागल्या. दत्तात्रेयांनी वडिलांच्या शिष्यांकडेच शिक्षण घेतले आणि द. वि. पलुसकर या नावाने ख्याल व भजन या दोन्ही प्रकारांत कीर्ती मिळवली. मात्र ऑक्टोबर १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांचेही निधन झाले.