मलिक अंबर : एका नवमुस्लिमाची घडण

एखाद्याने इस्लामचा स्वीकार केला की आपण त्याला आलिंगन देतो, मुबारकबाद देतो आणि पुष्कळदा पुढच्याच आठवड्यात विसरून जातो. त्याच्या मनातील शंका मात्र तिथून पुढे सुरू होतात. अशा वेळी नगरच्या इतिहासातील मलिक अंबरचे जीवन आठवावे.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. बालवयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला गेला. अखेरीस बगदादमध्ये मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. तेथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले.

घर, आईबाप, भाषा आणि नाव हे सर्व गमावलेल्या मुलाच्या मनात प्रश्न उठले नसतील, असे कसे म्हणावे? ज्या समाजाने आपल्याला विकले, त्याच समाजाचा धर्म आपला कसा मानावा, हा प्रश्न तर स्वाभाविकच होता. गुलामीचा तो व्यवहार अन्यायाचाच होता. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. दीनमध्ये बळजबरी नाही, ही कुरआनची शिकवण आहे आणि गुलामाला मुक्त करणे हे मोठे पुण्यकर्म सांगितले आहे. मीर कासिमने मात्र या मुलाला केवळ राबवून घेतले नाही. त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभाराचे ज्ञान दिले. नवागताच्या हाती ज्ञान देणे, हा त्याला मिळालेला पहिला आधार.

पुढे अंबर दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. चंगेज खान स्वतःही हबशी होता. त्याच्या सहवासात अंबर राजनीती व युद्धकला शिकला. आपल्यासारखाच माणूस याच दीनमध्ये राहून मानाच्या पदावर पोहोचला आहे, हे त्याला रोज दिसत होते. हा दुसरा आधार. चंगेज खानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्यानंतर त्याने विवाह करून संसार थाटला. स्वातंत्र्य आणि कुटुंब, हा तिसरा आधार.

काही काळ विजापूरच्या चाकरीत राहून १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्याबरोबर जेमतेम १५० घोडेस्वार होते. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. अंबरने मुर्तजा निजामशाहास गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. १६१० च्या सुमारास त्याने खडकी शहर वसवले, तेथे नहर खोदून पाणी आणले, आणि जमीन महसुलाची घडी बसवली. त्याच्या सैन्यात हबशी होते, तसेच मराठे सरदारही होते. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडी येथे त्याने मोगल व विजापूरच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. १६२६ मध्ये त्याचा इंतकाल झाला. खुलताबादेत त्याची कबर आहे.

या जीवनाकडे पाहताना एक प्रसंग आठवतो. काही सहाबा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि म्हणाले की, आमच्या मनात असे विचार येतात, जे उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी (स.) त्यांना झिडकारले नाही. त्या विचारांची अशी भीती वाटणे हेच स्पष्ट इमान आहे, असे त्यांनी समजावले. वसवसा येणे म्हणजे इमान जाणे नव्हे.

म्हणून आपल्या मोहल्ल्यातील नवमुस्लिम बंधू-भगिनींनी प्रश्न विचारला, तर तो कुफ्र ठरवण्याची घाई करू नये. उत्तर ठाऊक नसेल तर जाणत्या आलिमाकडे त्यांच्यासोबत जावे. नमाज, कुरआन हळूहळू शिकवावे. आईबापांशी नाते तोडायला सांगू नये. त्यांच्याशी सद्वर्तन करणे हा दीनचाच आदेश आहे. रमजानच्या इफ्तारला आणि ईदच्या दिवशी त्यांना आपल्या दस्तरखानावर बसवावे, कारण एकटेपणात शंका अधिक वाढते.

अल्लाह आपल्या सर्वांची मने इमानवर स्थिर ठेवो. आमीन.