पित्तनलिकेचा ‘व्हॉल्व्ह’ शोधणारा विद्यार्थी : कोण होते रुग्गेरो ओडी?

पित्ताच्या खड्यांसाठी एन्डोस्कोपी झालेल्या अनेकांच्या रिपोर्टमध्ये ‘स्फिंक्टर ऑफ ओडी’ हे शब्द असतात. यातले ओडी म्हणजे इटलीचे रुग्गेरो ओडी.

१८६४ मध्ये पेरुजियात जन्मलेले ओडी १८८७ मध्ये मेडिकलचे विद्यार्थीच होते. कुत्र्यांचं पित्ताशय काढल्यावर पित्तनलिका फुगतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग पित्त अडतंय कुठे? नलिका लहान आतड्यात उघडते त्या तोंडाशी त्यांना स्नायूंचं कडं सापडलं. ते आवळलं की पित्त थांबतं, सैल झालं की आतड्यात उतरतं. असे स्नायू असल्याचा उल्लेख इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसन यांनी १७व्या शतकातच केला होता. पण हे कडं किती दाब सहन करतं, हे ओडींनी मोजून पाहिलं. नाव त्यांचं लागलं ते रास्तच.

या कड्याचं महत्त्व कळतं ते रचना चुकते तेव्हा. बहुतेकांमध्ये पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्याच्या भिंतीत, या कड्याच्या ताब्यात एकत्र येतात. काहींमध्ये मात्र जन्मतःच त्या भिंतीबाहेर जुळतात आणि पुढची सामाईक नळी लांब राहते. तिथे कड्याचा ताबा चालत नाही. स्वादुपिंडाच्या नलिकेतला दाब जास्त असल्याने तिथला पाचक रस उलटा पित्तनलिकेत आणि पित्ताशयात शिरतो. वर्षानुवर्षं आतलं अस्तर चिघळत राहतं आणि पित्ताशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. विशेष म्हणजे, नलिका फुगलेली नसेल तर हा दोष लवकर लक्षातही येत नाही. एमआरसीपी स्कॅनमध्ये तो दिसला, तर त्रास नसतानाही पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो. जपानमध्ये आणि पूर्व आशियात हा दोष जास्त आढळतो. भारतात या कॅन्सरशी जास्त जोडलेले दिसतात ते पित्ताचे खडे.

ओडींचं पुढचं आयुष्य मात्र घसरत गेलं. १८९४ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, ते जिनोआत शरीरक्रियाशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. सहा वर्षांत अमली पदार्थांचं व्यसन आणि पैशांच्या गोंधळामुळे ते पद गेलं. बेल्जियमच्या वसाहती सेवेत डॉक्टर म्हणून ते काँगोत गेले, तिथेही फार टिकले नाहीत. १९१३ मध्ये ट्युनिसमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.