शिष्यपणाची किंमत

बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टान्त लूककृत शुभवर्तमानात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शिष्यत्वाची ही किंमत आयुष्यभर मोजली. १८६१ साली कोकणात करजगावी जन्मलेल्या या कवीला १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरी राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परतल्या व १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली. १९१९ साली ते निवर्तले. टिळकांनी आपला क्रूस स्वतः निवडला. लक्ष्मीबाईंना मात्र तो न विचारता खांद्यावर घ्यावा लागला. हिशेब मांडताना त्यांचा आकडा आपण विसरू नये.